मोठ्या सिस्टरांची दोरी

हा ग्लास धर जरा, माझी बोटं आता वळत नाहीत. आणि हसू नकोस. दीड महिन्यात पोरगं टुणटुणीत झालं म्हणून नळी काढायचं "पुढच्या आठवड्यात बघू, काका" म्हणतोस ना? सूनबाई, तूही बस. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. तो लहान मुलांच्या इस्पितळात ऑपरेशनची अवजारं सांभाळायचा.

तुमच्या पोराचं झालं, तेच ऑपरेशन. मूत्रपिंडातून निघणारी वाट जन्मापासून अरुंद. पोटाला तीन बारीक भोकं, दुर्बीण आत, वाट मोकळी. जखम भरेपर्यंत आत मऊ नळी ठेवतात, सहा आठवड्यांनी लघवीच्या वाटेनेच काढतात. विसरली, तर तिच्यावर खडे चढतात आणि मूत्रपिंड हातचं जातं. पोर वरून हसत-खेळत असतं, हीच तर गोम.

तिथल्या मोठ्या सिस्टर भारी खमक्या. डॉक्टरसुद्धा त्यांना टरकून असत. दुर्बिणींच्या खोलीत खिळ्याला त्यांची पांढरी दोरी. नळी घातली की गाठ मारायची, काढली की सोडायची. पुढे त्या वारल्या. कॉम्प्युटर आला, आणि मेहुण्याने दोरी कचऱ्यात टाकली. गाठ आहे का, बघितलंसुद्धा नाही गाढवाने.

तीन महिन्यांनी, मंगळवारी. रात्रीचे पावणेदोन. तातडीच्या ऑपरेशनला दुर्बीण हवी म्हणून तो त्या खोलीकडे गेला. कुलूप त्यानेच काढलं. दिवा लावला.

खिळ्याला दोरी होती.

ओली. टपकत होती. एक गाठ.

त्याने सोडायला हात घातला. सुटेना. नख लावलं... गाठ आणखी आवळली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं,

"एक राहिलंय..."

तो वळला नाही. वळवेना.

दुर्बीण पोहोचती केली आणि सकाळपर्यंत त्याने जुने कागद उपसले. तीन वर्षांची एक मुलगी. कॉम्प्युटरवर ‘नळी काढली’, कागदावर तसं कुठंच नाही. फोन केला, तर आई म्हणते, "कसली नळी? ती तर मजेत खेळतेय."

खडे फोडून नळी काढावी लागली. मूत्रपिंड थोडक्यात वाचलं. मेहुणा ढसाढसा रडला. दुपारी जाऊन बघतो, तर दोरीची गाठ सुटलेली.

नोकरी संपल्यावर ती दोरी त्याने मला दिली. ती बघ, खिडकीच्या गजाला. इतकी वर्षं सरळ लोंबत होती.

"काका, उगाच घाबरवू नका. गाठ तुम्हीच मारली असणार."

या बोटांनी?

सकाळी उठलो, तर होती. म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

जा... हात लावून बघ.

ओली आहे ना?