सात नंबरचं दार

उदय, हसू नकोस. ही ऐकीव गोष्ट नाही, शांताराम ऑफिसात माझ्या समोरच्याच टेबलावर बसायचा. सत्तावन्न साल, मार्गशीर्षातली शनी अमावास्या. बायको बाळंतीण, म्हणून संध्याकाळी ओवा-बाळंतशोपा घेऊन हा वेळेत घरी आला.

घर म्हणजे बंद पडलेल्या सूतगिरणीच्या चाळीतली सात नंबरची खोली. भोपाळ राजधानी झालं आणि नागपूरहून आम्ही कारकून इथे येऊन पडलो. राहायला जागा नाही. मग गिरणीच्या चाळीवर ‘शासकीय वसाहत’ अशी पाटी लागली. तिथेच जन्मलेली, तिथेच लग्नं झालेली माणसं एका पाटीने परकी झाली.

बहुतेक गेली. सात नंबरची रामदुलारी हटेना. नवरा गिरणीतच गेलेला, पोर तापाने फणफणलेलं. “बाबूजी, होली तक रहने दीजिए,” म्हणाली. खोल्या रिकाम्या करायचं काम शांतारामकडे, आणि सात नंबर त्याला स्वतःला हवी होती. त्याने दारच काढून नेलं. भर थंडीत! दोन दिवसांनी मायलेकरं आत गार पडलेली सापडली. तिथेच हा नवं सागवानी दार बसवून राहायला गेला. मला त्याची चीड यायची. आजही येते.

पुढचं सिंधूवहिनींनी, त्याच्या बायकोने, सांगितलं. रात्री दोनच्या सुमारास धाडकन आवाज झाला. दार बिजागऱ्यांसकट अंगणात. शांताराम उचलायला गेला, हलेना. शेजारच्या खोल्यांचं वाटप अजून व्हायचं होतं, हाक मारून येणार कोण? वारा थेट खाटेवर. चार दिवसांचं पोर निळं पडायला लागलं.

तेवढ्यात अंधारातून...

“बाबूजी... अंदर आने दीजिए. बच्चे को ठंड लग रही है.”

शांताराम चौकटीत उभा राहिला. बाहेर पाठ. दोन्ही हात चौकटीला घट्ट.

“नहीं... मेरा बच्चा है अंदर.”

मग अगदी जवळून...

“तो आप ही किवाड़ बनिए.”

वारा थांबला. बाळाचं रडणं थांबलं.

“अहो... आत या ना.”

तो हलला नाही.

“अहो...?”

सकाळी आम्ही गेलो. बाळ उबेत झोपलेलं. शांताराम चौकटीत तसाच. ताठ. गार. चौघांनी ओढून सोडवला. आंघोळ घालायला सदरा फाडून काढला...

पाठभर थापांचे काळेनिळे वळ. खांद्यांपाशी बाईच्या हाताचे. आणि खाली, कमरेपाशी... एवढुशा हाताचे.