तू माझी बाजू मांड

पाऊस काही सांगूनसवरून आला नाही. बाजाराच्या तोंडाशी अराबा क्वान्सा दोन पक्षांचे जाडजूड जाहीरनामे छातीशी धरून उभी होती आणि बघता बघता केप कोस्टचं अख्खं आभाळ तिच्या डोक्यावर रिकामं व्हायला लागलं. टपरीच्या पत्र्याखाली टोमॅटोच्या टोपल्यांनी आणि त्यांच्या मालकिणींनी आधीच जागा धरलेली. वरच्या जाहीरनाम्याचं पहिलं पान ओलं झालं, दुसरं झालं… आणि एकाएकी तिच्यापुरता पाऊस थांबला.

तिनं वर पाहिलं. छत्री! तीही साधीसुधी नाही. लाल, पांढरी, हिरवी, प्रचारात वाटलेली, छत्रीवाल्या पक्षाची छत्री.

अराबा चटका बसल्यासारखी बाजूला सरली. सरळ पावसात.

"अहो, छत्री आहे. साप नाही," छत्रीमागचा तरुण म्हणाला.

"कळलं. म्हणूनच सरकले."

"म्हणजे?"

"म्हणजे मी भिजून घरी गेले तर माझे वडील मला टॉवेल देतील. हिच्याखाली कोरडी राहून गेले, तर जेवायलासुद्धा द्यायचे नाहीत."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा छत्रीकडे. मग शांतपणे छत्री मिटली आणि तिच्या शेजारी भिजत उभा राहिला.

"हे काय करताय?"

"दोघांना समान न्याय," तो म्हणाला. "पण ती पुस्तकं द्या इकडे. माझ्याकडे प्लास्टिकची पिशवी आहे. तुम्ही भिजलात तर वाळाल. ही वाळायची नाहीत निवडणुकीपर्यंत."

इथली फान्टी भाषा तो अगदी शुद्ध बोलत होता, पण सूर परका. जेवण आपलंच, मीठ मात्र दुसऱ्या किनाऱ्यावरचं. अराबाला हसू आलं, आणि ते लपवायला तिनं उगीचच केसांतलं पाणी निपटलं.

अर्ध्या तासानं ती रेडिओ केंद्राचा जिना चढून वर पोचली, तर केंद्र चालवणाऱ्या डॉर्कस आंटींच्या खोलीत, खुर्चीतून पाणी ठिबकवत, तोच बसलेला.

"हा सेलोर्म आग्बेको," आंटी म्हणाल्या. "तिकडे पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या केटाचा. इथल्या सेकंडरी शाळेत गणित शिकवतो. दर गुरुवारी सकाळी तुझ्याबरोबर कार्यक्रम करणार." मग त्यांनी दोघांच्या ओल्या कपड्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही काय एकाच नळाखाली आंघोळ करून आलात?"

कार्यक्रम आंटींच्याच डोक्यातून निघालेला. डिसेंबरात निवडणूक. दोन्ही मोठ्या पक्षांचे जाहीरनामे इंग्रजीत, आणि बाजारातल्या बायका ते हातात घेणार ते फक्त मासे गुंडाळायला. तेव्हा एकेक विषय घ्यायचा – शाळा, दवाखाना, वीज, होड्यांचं इंधन – आणि हत्तीवाले काय म्हणतात, छत्रीवाले काय म्हणतात, ते सोप्या फान्टीत शेजारी शेजारी मांडायचं.

"अराबा, तुझे वडील हत्तीवाल्यांचे वॉर्डप्रमुख. तुमच्या फाटकावरसुद्धा सिमेंटचे हत्ती," आंटी म्हणाल्या. "म्हणून तू छत्रीची बाजू मांडायची. आणि मास्तर, तुम्ही जन्माचे छत्रीवाले. तुमच्याकडे हत्ती."

"आंटी!" दोघं एकदम ओरडले.

"स्वतःची बाजू कावळाही मांडतो. काव काव करून. मला माणसं हवीत. आणि ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळता कामा नये, कोण कुठल्या घरचं."

मग सुरू झाल्या मागच्या खोलीतल्या बैठका. दर मंगळवारी, शाळा सुटल्यावर. टेबलावर दोन जाहीरनामे, मधे केळीच्या पानातली, आंबवलेल्या मक्याच्या पिठाची केंकी, तळलेला मासा आणि झणझणीत मिरचीची चटणी. पंखा वीज असली तर फिरायचा, नाहीतर दोघं एकेक जाहीरनामा हातात घेऊन वारा घ्यायचे.

"हत्तीवाले म्हणतात, सेकंडरी शाळा सगळ्यांना फुकट, आणि लगेच," अराबा वाचायची. "छत्रीवाले म्हणतात, आधी नव्या शाळा बांधू, मग टप्प्याटप्प्यानं फुकट. आता मला सांगा, टप्प्याटप्प्यानं का? पोरं काय टप्प्याटप्प्यानं मोठी होतात?"

"मी का सांगू? ती बाजू तुमची आहे."

"मला पटत नाही ना!"

"मग पटवून घ्या. माझी आई समोर बसलीय असं समजा." तो खुर्चीत मागे टेकला. "आई केटाला प्राथमिक शाळेत शिकवायची. एका वर्गात सत्तर मुलं. बाकं पंचवीस. बाकीची खिडकीत, जमिनीवर, एक तर रोज तिच्या टेबलाखाली. ती म्हणायची, 'दार सताड उघडलंत, पण आत बसायला जागा कुठाय?' आमच्या घरी छत्री आली ती त्या टेबलाखालच्या पोरामुळे."

अराबा लिहायची थांबली. जाहीरनाम्यात हे कुठेच नव्हतं.

"आणि तुमच्याकडे हत्ती कुठून आला?" त्यानं विचारलं.

"एजा… माझे वडील… परीक्षा पास झाले होते. फी नव्हती. चौदाव्या वर्षी होडीवर गेले." ती चटणीत बोट फिरवत राहिली. "त्यांच्यापुढे 'टप्प्याटप्प्यानं' म्हटलं ना, की ते उठून अंगणात जातात. त्यांना ते आश्वासन नाही वाटत. त्यांना ते ठसठसतं."

सेलोर्मनं हातातला जाहीरनामा मिटला. मग हळूच म्हणाला, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं… तू सांगितलंस."

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. दोघांनाही ऐकू आलं, आणि दोघांनीही एकदमच माशाकडे हात नेला.

कार्यक्रम गाजला. बाजारात पैजा लागायच्या – बाई छत्रीची, मास्तर हत्तीचा! इतकं खरं वाटायचं दोघांचं बोलणं. तिसऱ्या गुरुवारी मासे धुरावर सुकवणाऱ्या मान्सा नावाच्या बाईंचा फोन आला.

"दोघंही छान बोलता लेकरांनो. पण माझ्या पोरीला यंदाच शाळेत जागा मिळालीय. हिच्या फीसाठी यंदा कोण काय देणार?"

जाहीरनाम्यांची पानं नुसतीच सळसळली. शेवटी सेलोर्म म्हणाला, "यंदा कोणीच नाही, मान्सा आंटी. दोघांचंही बोलणं निवडणुकीनंतरचं आहे. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. "निदान खरं बोललास. पोरीचं बघते मी."

काचेपलीकडे डॉर्कस आंटींनी डोळे पुसले आणि लगेच कोणीतरी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

पण घरी वेगळंच वादळ वाट पाहत होतं. होड्या लागतात तिथे एजा क्वान्सांना त्यांच्याच दोस्तांनी डिवचलं होतं – "काय वॉर्डप्रमुख, लेकीनं छत्री उघडली म्हणे!" त्या संध्याकाळी एजा ताट घेऊन अंगणात जाऊन जेवले. एकटेच.

"एजा, मी फक्त त्यांचं म्हणणं सांगते. माझं नाही."

"इतकं गोड सांगतेस?" ते पाठमोरेच म्हणाले. "माझं म्हणणं इतकं गोड कधी सांगितलं होतंस कुणाला?"

अराबानं पाण्याचा पेला त्यांच्याजवळ ठेवला. सांगितलं होतं की! एकाच माणसाला. पण ते वडिलांना सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी तिनं आंटींना म्हटलं, "मी सोडते कार्यक्रम." आंटींनी चष्म्यावरून पाहिलं. "सोड. पण आधी तुझ्या बापाला घेऊन ये माझ्या स्टुडिओत. त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकू दे गावाला."

एजा आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात टोपी. तीन होड्यांना लाटांवरून हाका मारणारा माणूस… पण समोर माइक आला, लाल दिवा लागला, आणि आवाज गेला कुठे कुणास ठाऊक. "आमचा पक्ष…" ते म्हणाले. मग पुन्हा, "आमचा पक्ष…" कपाळावर घाम डवरला. अराबानं काचेपलीकडे आंटींकडे पाहिलं. आज बाजारात यांचं हसं होणार, आणि तेही आपल्यामुळे!

सेलोर्म पुढे झुकला. त्याला हत्तीची बाजू तोंडपाठ होती, घडाघडा म्हणून टाकता आली असती. पण त्यानं नुसतं विचारलं, "एजा, चौदाव्या वर्षी परीक्षेत तुमचा कितवा नंबर आला होता?"

एजांनी मान वर केली. "पहिला," ते म्हणाले. आणि मग बांध फुटला. "शाळेत पहिला. सेकंडरी शाळेचं पत्र आलं, माझ्या नावाचं. ते मी होडीवर घेऊन गेलो. वाटलं, हंगाम संपला की काहीतरी होईल. तिसऱ्या दिवशी समुद्रानं भिजवलं ते. शाई गेली… पण मी ते कोरं पत्र सहा वर्षं ठेवलं. म्हणून मी म्हणतो, सगळ्यांना, आणि आत्ता. थांबायला सांगू नका कुणाला. थांबण्यात काय जातं ते मला विचारा."

पहिला नंबर! अराबाला आजवर हे माहीतच नव्हतं. आता पाळी तिची होती, आणि ती अजून वडिलांकडेच बघत होती. पण आंटींनी काचेपलीकडून बोट दाखवलं.

"एजा," ती म्हणाली, "तुमचं पत्र आलं, तेव्हा त्या शाळेत तुमच्यासाठी एक बाक रिकामं होतं. केटाला एक पोरगा असा होता, त्याला दार उघडं होतं, पण बाकच नव्हतं. तो वर्षभर बाईंच्या टेबलाखाली बसून शिकला. छत्रीवाले म्हणतात, आधी त्याला बाक देऊ."

एजा तिच्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. खोल पाण्यात मासा दिसल्यावर बघतात तसे.

"हे टेबलाखालचं तुला कुणी सांगितलं?"

"यांनी."

ते सेलोर्मकडे वळले. "आणि माझ्या चौदाव्या वर्षाचं तुला कुणी सांगितलं?"

"हिनं," सेलोर्म म्हणाला, आणि त्याची मान खाली गेली.

एजांनी टोपी टेबलावर ठेवली. लाल दिवा अजून लागलेलाच होता.

"अस्सं! म्हणजे निवडणुकीआधीच युती झाली म्हणायची!"

अख्खा बाजार हसला म्हणतात. स्टुडिओत मात्र अराबाला कुठे बघावं कळेना.

गंमत अशी, की गावानं जे ओळखलं ते या दोघांनी एकमेकांना सांगितलंच नव्हतं. कार्यक्रम सोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही; पुढच्या मंगळवारी वीज या विषयाची तयारी झाली, त्याच्या पुढच्या मंगळवारी होड्यांचं इंधन. सेलोर्म तिच्यासाठी माशाचा काटे नसलेला भाग वेगळा काढून ठेवायचा आणि गप्प बसायचा. नोव्हेंबर गेला. उत्तरेकडचा कोरडा, धुळकट वारा सुरू झाला, ओठ फुटायला लागले, आणि मतदान उद्यावर आलं.

सेलोर्मचं नाव केटाच्या मतदारयादीत. त्या वर्षी बोटांचे ठसे तपासणारी नवी यंत्रं येणार होती, तेव्हा ठसा नोंदवला त्या गावी जाणं भागच होतं. अक्राला जाऊन तिथून केटाची गाडी धरायची होती. अराबा त्याला अक्राच्या गाडीपर्यंत सोडायला आली.

गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, हा तिथला नियम. त्याची सोडून चार जागा रिकाम्या होत्या. दोघं बाहेरच्या बाकावर बसले.

"तू चढून बस ना," ती म्हणाली.

"अजून चार आहेत."

एक जोडपं आलं. "दोन," अराबा म्हणाली. मग पावाची टोपली घेऊन एक आजी आली. उरली त्याची जागा, आणि आणखी एक. क्लीनर ओरडायला लागला, "एक! अक्रा एक!"

"अराबा… मला तुला काहीतरी…" सेलोर्मनं सुरुवात केली.

"अक्रा एक! मास्तर, तुम्ही तरी चढा!"

तो चढला. खिडकीतून बघत राहिला. ओठ हलत होते, पण शब्द इंजिनच्या घरघरीत विरून गेले. अराबानं एकदा रस्त्याकडे पाहिलं. कोणीही येऊन ती शेवटची जागा घेईल…

ती उठली आणि आत जाऊन त्याच्या शेजारी बसली.

"मॅडम, अक्रा?" क्लीनरनं विचारलं.

"मँकेसिम. वाटेतच आहे. तिथून तुला दुसरं गिऱ्हाईक मिळेल. चल, हाण गाडी!"

गाडी सुटली. शेजारी पावाची टोपली, मागे रडणारं बाळ, आणि दोघांच्या मधे वीतभरही जागा नाही.

"आता बोल," अराबा म्हणाली. "मँकेसिमपर्यंत वेळ आहे तुला."

"इथे? सगळ्यांसमोर?"

पावाची आजी गर्रकन वळली. "अगं बाई, हे आवाज! तुम्ही ते रेडिओवाले! बाई छत्रीची, मास्तर हत्तीचा!"

"उलटं आहे आजी," पुढून कोणीतरी म्हणालं. "वॉर्डप्रमुखाची लेक ती, हत्तीच्या घरची!"

"घर असेल हत्तीचं. पण मत? मत कोणाला देणार ते सांगा!" गाडीत एकच गलका उठला. अर्धी गाडी या बाजूची, अर्धी त्या. क्लीनरही भांडायला लागला. आणि त्या गदारोळात सेलोर्म तिच्या कानाशी वाकला.

"मला तू आवडतेस. पहिल्या पावसापासून नाही, खोटं कशाला बोलू… तू वडिलांबद्दल सांगताना चटणीत बोट फिरवत होतीस ना, तेव्हापासून. एवढे दिवस विरोधी मुद्दे शोधत होतो. एकही सापडला नाही."

अराबानं त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त धुळीनं खरखरीत झालेला त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि मँकेसिमचा चौक येईपर्यंत सोडला नाही.

"मलाही," ती उतरताना म्हणाली. एवढंच. पण गलका नेमका त्याच क्षणी थांबला होता, आणि सगळ्या गाडीनं ते ऐकलं.

गाडी पुन्हा हलली. सेलोर्म खिडकीतून अर्धा बाहेर आला. "अराबा! रविवारी आईला घेऊन येतो! तुमच्या घरी… दार ठोठावायला!"

मोठ्या माणसांना घेऊन दार ठोठावायला येणं म्हणजे मागणी घालणं, हे काय त्या गाडीला सांगायला हवं होतं? बायकांनी टाळ्या पिटल्या, आजीनं खिडकीतून एक पाव अराबाच्या हातात कोंबला आणि ओरडली, "मत कोणाला ते मात्र सांगितलं नाहीत हं, लबाडांनो!"

धूळ खाली बसली. अराबा रस्ता ओलांडून परतीच्या गाडीशी गेली. आत फक्त दोन माणसं होती. गाडी भरायला तासभर तरी लागणार. ती खिडकीशी बसली, गरम पावाचा तुकडा मोडला, आणि हत्तीच्या घरच्या त्या उतावळ्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदाच कसलीही घाई वाटली नाही.