कमानीतला कागद

माझ्या निम्म्या गोष्टी खोट्या असतात, असं मीना बंदरातला कुठलाही कोळी सांगेल. ही कुठल्या निम्म्यातली, ते तुम्हीच ठरवा.

नजीब आणि मी नगरपालिकेचे भिंती खरवडणारे. शिकवणीवाले, टकलावर केस उगवून देणारे, निवडणुकीतले हसरे उमेदवार रात्री जाहिराती चिकटवून जायचे, सकाळी आम्ही बादली आणि खरवडायची लोखंडी पत्री घेऊन काढायचो. हात लावायचा नाही तो फक्त निधनाच्या कागदांना. कुणी गेलं की त्याच्या नावाचा कागद गल्लीच्या तोंडाशी लागतो. तो ऊन-पावसानेच न्यायचा, माणसाने नाही.

एका उमेदवाराने आपलं थोबाड नेमकं उम्म नखले म्हातारीच्या कागदावर चिकटवलं. नजीबने जोर लावला. उमेदवार निघाला, त्याच्या पाठोपाठ म्हातारीही सुटून आली.

"मेलास!" मी म्हणालो. "आता येऊन कान धरेल तुझा."

"धरू दे. जिवंतपणी काय कमी धरला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भाजीवाला अबू दीब ओरडत आला. तिसऱ्या मजल्यावरून दोरीची टोपली उतरली. त्याने सवयीने पुदिना, टोमॅटो टाकले. टोपली वर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, सज्जा उम्म नखलेचा. आम्ही वर जाऊन पाहिलं. दाराला बाहेरून कुलूप, कुलपावर धूळ.

मी हसण्यावारी नेलं. नजीब हसला नाही. त्याची बायको सुआद मागच्या हिवाळ्यात गेली, माझ्या बायकोच्या, वदादच्या मागोमाग. सुआदचा कागद त्याच्या गल्लीच्या कमानीत होता. तिथे पाऊस पोचत नाही.

"तिच्यावर शिकवणीची जाहिरात चिकटवलीय कुणीतरी," तो म्हणाला. "बेकायदा आहे. काढायलाच हवी."

"जाहिरात काढ. कागद राहू दे."

"अबू समीह, मला काम शिकवू नकोस."

"हे आपलं काम नाही रे, लेका. पावसाचं आहे."

झोपलेल्याच्या अंगावरची माशी हाकलावी, इतक्या हलक्या हाताने त्याने पत्री चालवली. भिंत कोरी झाली.

दुसऱ्या दुपारी त्याच्या सज्ज्यातून टोपली उतरली.

घरात कुणी नव्हतं. किल्ली नजीबच्या हातात होती.

त्याने अबू दीबच्या गाडीवरचे जर्दाळू चाचपले, पिकलेले बाजूला सारून कच्चे निवडले. "तिला आंबट लागतात," म्हणाला. टोपली वर गेली. तो जिन्याने धावत सुटला.

दार उघडल्याचा आवाज आला. लागल्याचाही.

पुढे तो खाली आलाच नाही. त्याच्या बहिणीने कुलूपवाला आणून दार उघडवलं. आत कुणी नव्हतं. बशीत जर्दाळूच्या बिया होत्या, ओल्या.

"कागद लावू का रे त्याच्या नावाचा?" ती मला विचारते. काय सांगू? माझ्या थापांवर मोठ्याने हसणारा तो एकटाच होता. आता मी त्या अर्ध्यावरच सोडतो.

टोपली मात्र दुपारी येते. अबू दीब न विचारता दोघांपुरतं टाकतो.

आज ती त्याच्या गाडीवरून पुढे सरकली आणि माझ्यासमोर थांबली. आत नजीबची पत्री होती, धुऊन पुसलेली.

मी ती घेतली नाही, असं सगळ्यांना सांगितलंय.

आमच्या कमानीतही पाऊस येत नाही. सकाळीच वदादच्या कागदावर कुणीतरी जाहिरात चिकटवून गेलंय. खळ अजून ओली आहे.