तिसऱ्या सर्व्हरची उत्तरं

शिळफाट्याला हार्डवेअरच्या दुकानावर एका मदतसंस्थेचं ऑफिस होतं. आषाढातल्या एका दुपारी दीप्ती तिथं लवकर गेली, किशोरला पाळीतून मोकळं करायला. त्याची मुलगी तापानं फणफणली होती.

काम रोजचंच. डोंगराकडेची माणसं मोबाइलवरून संस्थेच्या वेबसाइटवर आपल्या वाडीचं नाव टाकत, विचारत: पाऊस थांबत नाय, निघायचं का? तिथून आपोआप उत्तर जाई, निघा, अमुक शाळेत जा. ही उत्तरं देणारे सर्व्हर आतल्या खोलीत, लोखंडी कपाटात होते. कोणता चालू आहे, कुणावर किती भार पडलाय, हे दीप्तीनं पडद्यावर बघायचं आणि एक दमला की येणारे प्रश्न दुसऱ्याकडे वळवायचे.

"तिसऱ्याचं नाव यादीत दिसेल, पण तो विजेनं जळलाय," जाता जाता किशोर म्हणाला. "दुरुस्तीवाला रूपेश घेऊन गेलाय. दोघांवरच भागव."

तो गेला आणि पाऊस वाढला. भरदुपारी दिवे लावावे लागले. खाली घाटाकडे निघालेले ट्रक हळूहळू दिसेनासे झाले, नुसते हॉर्न ऐकू येत राहिले. विचारणाऱ्यांची संख्या वाढत होती. पहिला सर्व्हर भरत आला, दुसराही. दीप्ती भार इकडून तिकडे सरकवत होती.

मग पडद्यावर तिसऱ्याच्या नावापुढे हिरवा दिवा लागला.

तो चालू होता. उत्तरं देत होता.

तिनं त्याला बंद केलं. दिवा लाल झाला, आणि ती हात मागे घेते न घेते तोच पुन्हा हिरवा. दुसऱ्या वेळीही तेच. ती उठून आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार उघडताच ओल्या मातीचा भपकारा आला, नुकत्याच उपटलेल्या मुळांसारखा. तिसऱ्याची जागा रिकामी होती. वायरचं तोंड नुसतं लोंबत होतं.

परत येऊन दीप्तीनं तिसऱ्याची उत्तरं उघडली. सगळी एकाच वाडीला गेली होती. टेपाची वाडी, थेट कड्याखाली. आणि सगळ्यांना एकच उत्तर...

'घरातच थांबा. आम्ही येतोय.'

संस्थेनं असं वाक्य कधी लिहिलंच नव्हतं. विचारणाऱ्यांत त्या वाडीतल्या पोशाचा नंबर होता; तो दर पावसाळ्यात विचारायचा. तिनं फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लावतच राहिली.

"कोन?" अखेर आवाज आला.

"पोशादादा, मी शिळफाट्यावरनं बोलतेय, वेबसाइटवाली. सगळ्यांना घेऊन खाली शाळेत जा. आत्ता."

"तुमीच लिवलंय ना म्याडम, घरातच थांबा म्हनून?"

"ते मी नाही लिहिलं."

"मंग कुनी?"

पोशानं आवाज खाली आणला. "आन् तुमची मानसं तर आल्यात की..."

"कुठली माणसं?"

"दारात हायत. बोलत नायत. दार वाजवत्यात नुसती. बायको चिंधी म्हनते, एवढ्या पावसात भिजली कशी नायत..."

फोनमधून दीप्तीला ते ऐकू आलं. सावकाश, जड, ओल्या हातानं थापटल्यासारखं.

"दादा, दार उघडू नका." तिनं फोन कानाशी घट्ट धरला. "मागनं निघा. प्रत्येक घराला मागनंच हाक द्या. ती माणसं काहीही म्हणाली तरी पुढच्या दाराकडं जाऊ नका. मी फोन ठेवत नाही."

मग नुसता पाऊस ऐकू येत राहिला. पोरांचं रडणं, बायकांच्या हाका, "चला गं, चला," चिखलात पडणारी पावलं. बऱ्याच वेळानं पोशा धापा टाकत म्हणाला, "शाळा आली." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोनमध्ये असा काही आवाज झाला की तिनं तो कानापासून दूर धरला.

"गेली," पोशा रडत होता. "वाडी गेली, म्याडम. सगळी मातीखाली..."

"माणसं?"

"समदी हायत. पुन्ना पुन्ना मोजली. येक जीव मागं राह्यला नाय."

"मोबाइल कुणाचा राहिला का तिथं?"

"नाय. हायत तेवढं हितंच हायत. का?"

पडद्यावर तिसऱ्याच्या नावाखाली एक नवा प्रश्न आला होता. गाव: टेपाची वाडी. फोन नंबरची जागा कोरी.

'सगळे गेले. आता बाहेर येऊ का?'

हातानं उत्तर लिहायची सोय होती. तिनं एकेक अक्षर दाबून लिहिलं, 'नाही,' आणि पाठवलं.

पलीकडून लगेच आलं.

'तुम्हाला नाही विचारलं.'