भिंतीपलीकडची गोटी

"पहिली पाळी तुझी," मेव्हिसने धाकट्या भावाला बजावले. "कान भिंतीला लावून बस. आवाज बदलला की मला हाक मार."

"नाताळच्या दिवशी पहारा! सुट्टी आहे की शिक्षा?" क्लाइव्ह कुरकुरला, पण बसला.

लँकेशायरमधल्या त्या गल्लीत दर दोन घरांच्या मधे एकच भिंत होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन्ही घरांच्या शेकोट्या नि वरची धुराडी. पलीकडे हिंडलआजोबा राहत. हिंडलआजी शनिवारी मांसाचे पुडिंग वाफवीत, रविवारी मुरंब्याचे. आणि पातेल्याच्या तळाशी काचेची एक गोटी टाकीत. पाणी पुरेसे असेतोवर गोटी संथ टिकटिके. पाणी आटत आले की ती खडखडू लागे, आणि आजी असतील तिथून किटली घेऊन धावत. पुडिंग तयार झाले की शेकोटीच्या मागच्या भिंतीवर सळईचे तीन ठोके पडत: पोरांनो, वाट्या घेऊन या.

आजी मार्चमध्ये गेल्या. त्यांच्या हातचे एकच पुडिंग मागे राहिले होते. या नाताळसाठी म्हणून त्यांनी ते वर्षभर आधीच करून फडताळात मुरत ठेवले होते. आज आजोबा ते वाफवणार होते, एकटेच. "कुणी येऊ नका," असे त्यांनी शेजारी सांगून ठेवले होते.

"मेव्हिस, खडखडतंय."

दोघांनी श्वास रोखला. पलीकडे पावले वाजली नाहीत.

"बाबा, आजोबांच्या पातेल्यातलं पाणी संपत आलंय."

"त्यांना कळत नाही का?" वडील वर्तमानपत्रामागून म्हणाले. "येऊ नका म्हणालेत ना? मग झालं तर."

खडखड अचानक थांबली.

"कोरडं पडलं," मेव्हिस म्हणाली, आणि दोघे बाहेर धावली.

आजोबांच्या दाराला आतून कडी होती. दार बडवूनही कोणी उठले नाही. क्लाइव्हने टपालाच्या फटीतून आत पाहिले.

"शेकोटीकडे तोंड करून बसलेत. करपल्याचा वास येतोय. अगं, कानातलं यंत्र टेबलावर काढून ठेवलंय."

"मग ओरडून उपयोग नाही. ऐकू येणार नाही, पण दिसेल. तू इथेच थांब."

मेव्हिस घरात परतली. सळई उचलून तिने शेकोटीच्या मागच्या भिंतीवर सगळ्या ताकदीने तीन ठोके दिले.

"भिंत पाडतेस का?" वडील उठले.

तिने पुन्हा तीन ठोके दिले.

"धुराड्यातली काजळी पडली!" बाहेरून क्लाइव्ह ओरडला. "विस्तवात पडली. उठले आजोबा, उठले!"

मेव्हिस उकळती किटली घेऊन पोहोचली तेव्हा कडी निघाली होती आणि क्लाइव्ह नळाखाली तांब्या धरून उभा होता.

"गार पाणी नको, शहाण्या. आतलं पुडिंगचं चिनी मातीचं भांडं तडकेल." तिने आधी गॅस बंद केला, पातेले किंचित निवू दिले, मग कडेकडेने उकळते पाणी ओतले. पुडिंग तळाशी थोडे करपले होते, बाकीचे वाचले.

"आजोबा, यंत्र का काढलंत?" क्लाइव्हने विचारले.

आजोबांनी ते कानात बसवले, प्रश्न पुन्हा ऐकला. "गोटी वाजायला लागली, बाळा. दर वेळी वाटायचं, आता ती किटली घेऊन येईल."

आजोबांनी फडताळातून वाट्या काढल्या.

दारात वडील उभे होते, हातात टोपी. "मलाही ऐकू आलं होतं," ते म्हणाले, "आणि मी बसून राहिलो. शाबास, पोरांनो. तुम्ही उठलात."

आजोबांनी वडिलांसाठी चौथी वाटी काढली. सर्वांनी सावकाश खाल्ले, कारण त्यानंतर ते पुडिंग उरणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे पुन्हा टिकटिक सुरू झाली.

"पुडिंग तर काल संपलं," क्लाइव्ह म्हणाला.

दोघे किटली घेऊन गेली. दाराला कडी नव्हती. आजोबा गॅसपाशी खुर्ची ओढून बसले होते, यंत्र कानात होते. पातेल्यात नुसते पाणी होते, आणि गोटी.

"बसा," आजोबा म्हणाले. "अजून पाणी आहे."