खाजणकोट कसा पडला

पहाटेचे धुके खाडीवरून उठले तसा खाजणकोट नजरेला आला. चारही बुरुजांवर फिरंग्यांची निशाणे डौलात फडकत होती आणि आत किल्लेदार दों गास्पार, ज्याच्या मिशांना मेण लावायला दोन चाकर लागत आणि ज्याचे शौर्य तोलायला गुंजही जड पडली असती, तो न्याहारीला बसला होता.

खाडीअलीकडे मराठ्यांचा वेढा होता. वेढा म्हणजे दीडशे माणसे, एक तोफ आणि उरलेले तीन गोळे. पण कोटाच्या तळघरात अकरा भंडारी कैदेत होते. दुपारच्या भरतीबरोबर गलबत येणार आणि ते गुलाम होऊन दर्यापार जाणार. त्यांत वेढ्याचे जुमलेदार सुभानजी माणकर यांचा धाकटा भाऊ येसजी होता. म्हणून सुभानजी एकटे, बिनहत्यारी, बोलणी करायला कोटात शिरले.

गास्पारने त्यांना घटकाभर ताटकळत ठेवले, कोंबडीची तंगडी चघळत कैदी सोडायला साफ नकार दिला आणि चालते व्हा म्हणून हात उडवला. सुभानजींनी मुजरा केला नाही. पण घरचे वळण कुठे सुटते?

"बरं तर. येतो आम्ही."

दुभाषा पाद्री थेट लिस्बनचा. मराठी त्याने वहीतून घोकलेली. निघताना 'जातो' म्हणू नये, हे त्याला कोणत्या आईने शिकवावे? त्याने शब्दाला शब्द लावून सांगितले की मराठे येत आहेत. गास्पारच्या हातची तंगडी गळाली. पाद्र्याने चाचरत विचारले, "केव्हा येणार?"

सुभानजी थबकले. अठरा बंदुका पाठीवर रोखलेल्या. ओठ जरा हसला असता तर प्रेत खाडीत तरंगले असते. ते सावकाश वळले.

"दुपारच्या भरतीला. सगळेच येतो. कैद्यांना ओरखडा उठला, तर मग बोलणी नाहीत."

आणि स्वतःच्या शेताच्या बांधावरून चालावे तसे संथ पावलांनी ते दरवाजाबाहेर पडले.

ते छावणीत पोहोचले नाहीत तोच बुरुजावर पांढरे फडके चढले. कोणी म्हणतात ते मेजावरचे होते, कोणी म्हणतात किल्लेदाराची विजार. आम्ही विजारीच्या बाजूचे.

कैदी सोडून, किल्ल्या आणि तलवार उंबऱ्यावर टाकून गास्पार मचव्यात चढला. पण पळायची घाई एवढी की ओहोटीचे भान नव्हते, आणि मचवा चिखलात रुतून बसला. समोर नुकतेच सुटलेले अकरा जण उभे होते. सवयीने त्याने त्यांनाच हुकूम सोडला, ढकला.

सगळ्यांनी येसजीकडे पाहिले. येसजी चिखलात थुंकला.

"ढकला रे. ठेवून घेऊन करायचंय काय त्याचं?"