घेर विचारायचा राहिला

तिने स्लीपिंग बॅग काउंटरवर आदळली. दुकानदाराने बॅगेकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं... आणि ओळखीचं हसला. त्या हसण्याने ती जास्तच भडकली.

"तुम्हीच दिलीत ना ही? सगळ्यात लांब आहे, म्हणालात. पाय मावले हो, खांद्यांचं काय? चेन अंगावर ताणलेली, कुशीवर वळायची सोय नाही. आतली पिसं चेपून गेली, ऊब कुठून राहणार? अर्ध्या वाटेवरून परत आले मी. आणि काकू म्हणते कशी – 'एवढ्या देहाला झेपतं का डोंगर तुडवणं?' माझे पाय ठणठणीत होते. थंडीने परत आणलं मला, देहाने नाही."

तो बॅगेची चेन उगाच मागेपुढे करत राहिला.

"आता दातखीळ बसली का?"

"मी तुमची उंची विचारली," तो हळूच म्हणाला. "घेरही विचारायला हवा होता. सगळ्यांना विचारतो. तुम्हाला... नाही विचारला."

"का?"

"वाटलं, रागवाल. मग पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही."

"म्हणजे तुझ्या भिडेपायी मी कुडकुडले?" रागाच्या भरात 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते तिला कळलंही नाही. "मला माझ्या अंगाची लाज नाही, तुला कशाला वाटली?"

"लाज नाही वाटली." त्याचे कान लाल झाले होते. "आवडलात... म्हणून जीभ रेटली नाही."

आवडले म्हणे. आणि थंडीत पाठवलं. असल्या आवडण्याला काय जाळायचंय?

"टेप काढ," ती म्हणाली. "जाकिटावरून घे माप. हात टेपच्या आत धरून."

त्याने श्वास रोखून माप घेतलं. आकडा मात्र पुटपुटला नाही, स्वच्छ सांगितला. मग वरच्या फळीवरची रुंद बॅग काढून जमिनीवर पसरली. ती आत शिरली. चेन हनुवटीपर्यंत सुळकन गेली. ती कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले... आणि तिला रडूच आलं. तिने तोंड भिंतीकडे केलं.

"पुन्हा जाणार?"

"पहिल्यापासून. या वेळी शेवट गाठल्याशिवाय परतायची नाही."

"मी वाट बघेन."

"बघ. पण राग गेला असं समजू नकोस." तिने बॅगेतून हात बाहेर काढला. "उठव आता. बघू, झेपतो का तुला एवढा देह."

ओढताना तोच धडपडला. ती उठली, आणि त्याचा हात तिने धरूनच ठेवला.